दंतवैद्यबाईंची डावी टाच

"मांजराला पाच तारे, इन्स्पेक्टरच्या मिशीला एक आणि गोष्टीला अडीच," ताईने फोनवरून वाचून दाखवलं. "पुढे लिहिलंय, मिशी चिकटवलेली आहे हे माझ्या नातीलासुद्धा कळलं."

"मिशी खरी होती," धाकटा म्हणाला. "मी चित्रीकरणाला जाऊन पाहिलीय. चिकटवलेला होता तो इन्स्पेक्टर."

खोली हसली. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या पाठोपाठ, आईच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकून झाल्यावर. धाकट्या सुनेने ते पाहिलं आणि चटकन बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे केली. हसायला उशीर का झाला, असा प्रश्न कोणाला पडू नये म्हणून.

चित्रपट टीव्हीवर लागून गेला की दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या कामाच्या खोलीत जमायचं आणि प्रेक्षकांची मतं मोठ्याने वाचायची, हा या घराचा जुना पायंडा. आजोबा रेडिओवरच्या नाटकांना पावलांचे, दारांचे आवाज द्यायचे तेव्हा मतं पोस्टाने यायची, आणि ती हाती पडेपर्यंत लोक नाटक विसरूनही गेलेले असायचे. आता शेवटची पाटी पडद्यावर असतानाच माणसं लिहून मोकळी होतात. घरची मंडळी हे वाचायची ती स्वतःचं कौतुक शोधायला नव्हे. यांचं कौतुक कोण करणार? पडद्यावरचा माणूस जिना चढतो, कप ठेवतो, कोट काढून खुंटीला अडकवतो. ते आवाज नंतर या खोलीत, माईकसमोर, पडद्याकडे बघत बघत यांच्यापैकी कोणीतरी केलेले असतात. बघणाऱ्याला ते कळलं तर काम फसलं. "आपल्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही ना? मग चला जेवायला," असं बाबा दर वेळी म्हणायचे आणि बैठक उठायची.

कामं वाटलेली होती. कप, किल्ल्या, कागद, कपडे हे सगळं आईच्या हातांचं. पुरुषांची पावलं बाबांची, बायकांची धाकट्या सुनेची. धाकटा माईक सांभाळायचा. थोरला, ज्याने कामाशीच लग्न लावलं होतं, तो संगणकावर सगळं जुळवून चित्राला चिकटवायचा. ताई तेवढी बाहेरची, म्हणजे शाळेतली मास्तरीण. पण वाचायला तिच्याइतका खणखणीत आवाज घरात दुसरा नव्हता. आणि काम पूर्ण झालं की शेवटचं ऐकायचे ते बाबा. कोपऱ्यातल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून, कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून. ते "चला" म्हणाले की त्या आवाजाला पुन्हा कोणी हात लावायचा नाही.

या वेळचा चित्रपट होता 'डाग आणि घडी'. लॉन्ड्री चालवणाऱ्या एक बाई लोकांच्या खिशात राहिलेल्या वस्तू आणि कपड्यांवरचे डाग बघून गुन्हे उकलतात, असली हलकीफुलकी चित्रपटमालिका. वर्षाला एक भाग. यात हॉटेलचा मालक चादरींच्या ढकलगाडीत मरून पडलेला सापडतो, आणि तरी गावात कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही, इतकं सगळं गोडीगुलाबीचं. खून करते दाताची डॉक्टरीण. ती चित्रपटभर सगळ्यांना हसून खुर्चीत बसवते, तोंड उघडायला सांगते आणि गप्पा मारते. तिची पावलं धाकट्या सुनेची.

"पुढचं वाच," आई म्हणाली.

"'लॉन्ड्रीवाल्या बाईंचा निळा स्वेटर कुठे मिळेल?' असं विचारणारे तर पुष्कळच आहेत. मग ही एक बाई. 'डॉक्टरीणबाईंनी पूर्ण चित्रपटात एकदाही हात धुतले नाहीत. मी स्वतः नर्स आहे. मला तेव्हाच संशय आला होता.'"

"घ्या," थोरला म्हणाला. "नळाचा आवाज मी तयार ठेवला होता. दिग्दर्शकाने प्रसंगच कापला."

"'खून झाला तरी कोणी काम सोडून रडत बसलं नाही. मला असं गाव हवंय.' आणि हे बघा. 'शेवट मी आधीच ओळखला होता, तरी पुढच्या वर्षी बघणार आहे. आमच्या ह्यांना सांगू नका.'" ताईने पान वर सरकवलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. "'आम्ही पाच जण एका सोफ्यावर बसलो आणि दीड तास भांडलो नाही. हे ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांचे आभार.'"

"ते परत एकदा वाच गं," आई म्हणाली. ताईने वाचलं. "ज्यांनी ज्यांनी म्हटलंय. म्हणजे आपलेही मानलेत हो त्यांनी," असं म्हणून आईने पदराने चष्मा पुसला. खरं तर चष्मा स्वच्छ होता. धाकट्या सुनेलाही भरून आलं. कुठल्या तरी पाच माणसांना दीड तास सुखाने बसवण्यात आपल्या पायांचा वाटा आहे, ही गोष्ट तिला अजूनही पूर्ण खरी वाटत नसे.

ती या घरात आली होती बुटांच्या दुकानातून. तिथे ती विक्रेती होती. बाबा दुकानात यायचे ते बूट पायात घालून बघत नसत. टाच काउंटरवर हलकेच आपटायचे आणि कानाशी धरायचे. बाकीच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. ती म्हणाली होती, "इथे गालिचा आहे, इथे काय कळणार? मागे गोदामात फरशी आहे, तिथे चालून बघा." गोदामात त्यांनी तिलाच चालायला लावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, दिवसभर गुडघ्यावर बसून लोकांना बूट घालतेस ना? डावा गुडघा दुखतो तुझा. टाच टेकतेस आणि चवडा टेकायला वेळ लावतेस. जप." हे तोवर तिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. पुढे बूट न्यायला बाबा धाकट्याला पाठवू लागले, आणि धाकटा नको असलेले बूटही विकत घेऊ लागला, ती हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तिच्या लेखी गोष्ट सुरू झाली ती गोदामातच. आपल्या चालण्यात ऐकण्यासारखं काही आहे, असं जगात एकाच माणसाला वाटलं होतं. त्याचे उपकार फेडावेत असं तिला कधी वाटलं नाही; ते जन्मभर अंगावर बाळगावेत असंच वाटलं.

म्हणूनच गेला महिनाभर ती एक गोष्ट मनात दाबून होती.

चित्रपटात एक अंधारा कॉरिडॉर आहे. कोणीतरी चालत येतं, दिसत नाही, दाराखालच्या फटीतून नुसती सावली सरकते. हा खुनी, पण तो कोण, हे शेवटपर्यंत कळायला नको. बाबा त्या आठवड्यात तापाने पडले होते, म्हणून ते पाय तिच्याकडे आले. तिने ढगळ पुरुषी बूट घेतले, आत मोजे कोंबले आणि चालली. ध्वनिमुद्रण परत ऐकताना तिलाच शंका आली. बूट बदलले होते, पण चाल तीच होती. डॉक्टरीणबाईंची.

बाबा बरे होऊन खोलीत आले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तेवढा कॉरिडॉर नीट ऐका हं. मला तो माझ्यासारखाच वाटतोय." बाबांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले, मान डोलावत सगळं ऐकलं. "छान. चला," म्हणाले आणि उठून गेले. हेडफोन जागेवर ठेवायला ती वाकली. हेडफोनची पिन यंत्रातून निघून खुर्चीच्या पायाशी लोंबत होती. बाबांनी निव्वळ शांतता ऐकून मान डोलावली होती.

वर्षभरात तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. पाठमोऱ्या माणसाला ते उत्तर देत नसत. जेवताना बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. पण एवढं? तिने पिन जागेवर बसवली आणि तोंडाला कुलूप घातलं. कॉरिडॉर पुन्हा करायचा तर बाबांचं "चला" खोटं ठरवावं लागलं असतं, आणि का म्हणून, तेही सांगावं लागलं असतं. तिने तो तसाच जाऊ दिला.

"थांबा, हे वेगळंच आहे," ताई म्हणाली. तिचा सूर ऐकूनच धाकट्या सुनेने हातातला कप खाली ठेवला. "'कॉरिडॉरमध्ये येणारी व्यक्ती म्हणजे दाताची डॉक्टरीण, हे मला तिथेच कळलं. डोळे मिटून ऐका. डावी टाच टेकते, मग पाऊल जरा थांबतं. दवाखान्यातही असंच, कॉरिडॉरमध्येही असंच.' त्याखाली दुसरा. 'अरे हो की! आम्ही परत लावून ऐकलं.' मग तिसरा. 'आमच्याकडे आता सगळे एकमेकांची पावलं ऐकत घरभर फिरतायत.' चौथी म्हणते, 'स्वेटरचं सांगा.' आणि मग... बापरे. हे संपतच नाहीये. सगळे डाव्या टाचेवरच घसरलेत."

आजोबांपासून आजवर या घराच्या कामाबद्दल प्रेक्षकांनी चकार शब्द काढला नव्हता, आणि आता निघाला तो असा.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. निर्मातीबाई. थोरल्याने सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"वाचलंत ना?" बाईंचा आवाज रागावलेला नव्हता, त्यामुळेच जास्त भीती वाटली. "लोकांना गंमत वाटतेय, माझी तक्रार नाही. पण रहस्यपटात रहस्य चपलांनी फोडायचं नसतं. परवा पुनःप्रक्षेपण आहे. तेवढा कॉरिडॉर आज बदलून द्या. संग्रहातली तयार पावलं लावलीत तरी चालेल. आणि एक विचारते, राग मानू नका. पुढचे तीन भाग तुम्हाला द्यायचे आहेत. तुमच्याकडे शेवटचं ऐकतं कोण? तेवढं मला संध्याकाळच्या आत कळवा."

फोन बंद झाला. थोरला उठून संगणकाशी गेला. "तयार पावलं लावतो," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. आणि मी तर म्हणतो, पुढचे तीन भागही तयार आवाजांवरच करू. काही झंझट नको. हिच्या पायांना सुट्टी."

"सुट्टी कसली?" धाकटा उसळला. "एक चूक झाली म्हणून?"

"मी चूक म्हटलंच नाही."

"मग हिचं नाव कशाला घेतोस?"

"नाव कुठे घेतलं? पाय म्हटलं."

"दादा, तू आधी इकडे बघून बोल," ताई म्हणाली. ती कधी नव्हे ती वहिनीच्या बाजूने उभी राहिली होती. एरवी दोघींचं फारसं सूत नव्हतं. "पास झाल्याशिवाय इथून एक टाळी बाहेर जात नाही. मग जे पास झालं त्याचं खापर वहिनीवर कसं?"

आणि खोलीत सगळ्यांचे डोळे, एकमेकांना न सांगता, उंच पाठीच्या खुर्चीकडे वळले आणि तितक्याच घाईने परत फिरले. धाकट्या सुनेने ते ओळखलं. अजून एक वाक्य, आणि कोणीतरी विचारणार: बाबा, तुम्ही ऐकलं होतं ना? त्यावर ते काय सांगणार?

ती उभी राहिली. "बाबांनी पास केला तो टेक वेगळा होता," ती म्हणाली. "त्यांनी 'चला' म्हटल्यावर मी पुन्हा एकदा चालले. मला वाटलं, अजून चांगला होईल. न विचारता तो चढवला. चूक माझी एकटीची आहे. मला पुढच्या भागात घेऊ नका."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. पास झालेला आवाज चोरून बदलणं, ही त्या घरात तोंडातून काढायचीही गोष्ट नव्हती. हे खोटं होतं आणि त्याची किंमत खरी होती. या खोलीवाचून तिला चैन पडलं नसतं. या चालायच्या फळ्या, फडताळातले ओळीने ठेवलेले बूट, पडद्यावरची बाई दार उघडते त्याच क्षणी आपण पाऊल टाकण्याचा आनंद, हे सगळं हातातून सुटत होतं. पण बाबांना सगळ्यांसमोर निरुत्तर होताना बघण्यापेक्षा ते सोसवेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आता तरी कळलं?" थोरला पुटपुटला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट त्याने सुटकेचा श्वास टाकल्यासारखं वाटलं.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ते उठले, ताईच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि प्रेक्षकांची मतं स्वतः वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. बराच वेळ गेला.

"खोटं बोलते ही," ते शेवटी म्हणाले. "दुसरा टेक नव्हता. हाच होता. हिने मला सांगितलंसुद्धा, बाबा नीट ऐका, मला माझ्यासारखाच वाटतोय म्हणून." त्यांनी फोन ताईला परत दिला. "मला ऐकू येत नाही. झालं, बोललो. वर्ष होत आलं. बोलणं कळतं, समोर तोंड असलं की. बारीक आवाज गेले. पण त्या दिवशी..." ते थांबले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "त्या दिवशी एक पाऊलही ऐकू आलं नाही. एकही नाही. मला वाटलं, संपलं, आता होतं तेवढंही गेलं. घाबरलो. म्हणून छान म्हटलं. महिनाभर मी रोज सकाळी उठून आधी चमचा कपावर वाजवून बघतो, आज आहे का म्हणून."

"म्हणून तो चमचा होय!" आई म्हणाली. "आणि मी म्हणतेय, यांना साखर कमी पडते का काय."

धाकट्या सुनेला मात्र हसू आलं नाही. "बाबा," ती म्हणाली आणि त्यांना तोंड दिसावं म्हणून पुढे झाली, "त्या दिवशी पिन बाहेर होती."

"काय?"

"हेडफोनची पिन. निघून खाली लोंबत होती. त्या दिवशी तुम्हालाच काय, कोणालाच काही ऐकू आलं नसतं. मी पाहिलं आणि गप्प बसले. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग पिनेकडे. मग परत तिच्याकडे. "म्हणजे ते सगळं गेलेलं नाही?"

"नाही बाबा. मुळीच नाही."

"महिनाभर मी ठार बहिरा होत चाललोय असं समजतोय, आणि पिन निघाली होती?"

"माझ्यामुळे," ती म्हणाली आणि आता मात्र तिला रडू फुटलं. आपण त्यांना जपत होतो, आणि जपण्यापायी त्यांना महिनाभर अंधारात ठेवलं. तेव्हाच 'बाबा, पिन' असे दोन शब्द बोललो असतो तर त्यांची एकही सकाळ कपावर चमचा वाजवण्यात गेली नसती.

बाबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो तिथे टिकेना, आणि मग ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "पिन!" ते म्हणत होते. "अगं, पिन!" आणि हसता हसता त्यांनी तिचा हात धरला तो सोडला नाही.

"आता मीही सांगून टाकतो," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "बाबा, मला माहीत होतं. पावसाळ्याआधीपासून. तुमच्या हेडफोनचा आवाज मी दर महिन्याला थोडा थोडा वाढवत होतो. कॉरिडॉर जुळवतानाच मला ती टाच ऐकू आली होती. पण विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून तयार आवाजांचं टुमणं लावलं. तयार आवाज घेतले की शेवटचं कोणी ऐकायचा प्रश्नच येत नाही." तो धाकट्या सुनेकडे वळला. "तुझ्या पायांवर माझा राग नाही. आडोसा म्हणून वापरले मी ते. चुकलं."

"टाच मीही ऐकली होती," धाकटा म्हणाला. "माईक माझ्याच हातात होता. मला वाटलं, मी बोललो तर हिला वाटेल मी हिच्या कामात खोड काढतोय, आणि बाबांना वाटेल..."

"मीही," आई म्हणाली. "चादरींची सळसळ करायला मागे मीच उभी होते ना? मला काय ही चाल ओळखू येत नाही? रोज स्वयंपाकघरात ऐकते."

ताईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हणजे खुनी कोण ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांनी मिळून ते देशभर जाऊ दिलं."

"तू बोलू नकोस," आई म्हणाली. "तुलाही माहीत होतं यांचं."

"मग? वर्षभर घसा ताणून बोलतेय ती काय शाळेची सवय म्हणून?"

आता खोलीला हसू आवरेना. तोवर ज्याला त्याला वाटत होतं की बाबांचं दुखणं आपल्या एकट्यालाच कळलंय आणि आपणच ते झाकून धरलंय. सगळ्यांनी एकाच पांघरुणाची टोकं धरली होती, आणि त्यात चूक मात्र छान झाकून पुढे गेली होती. कोणी कोणाला नावं ठेवायची? धाकट्या सुनेला वाटलं, इतक्या प्रेमाने केलेली घोडचूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसेल, आणि आपण या घरात आलो म्हणून तिला फार, फार बरं वाटलं.

बाबा शांत झाले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "वर्षभर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला ऐकवलंत," ते म्हणाले. "मला वाटत होतं मी निभावतोय. निभावत तुम्ही होता. उपकार आहेत तुमचे, हे मी तोंडाने म्हणणारा माणूस नाही, पण आज म्हणतो. आणि आता हे बंद. उद्या मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चला. ते यंत्र बसवायचं असेल तर बसवू. चष्मा लावला तेव्हा काही जीव गेला नव्हता." मग ते थोरल्याला म्हणाले, "लाव त्या बाईंना फोन."

थोरल्याने फोन लावून दिला. बाबांनी तो तोंडासमोर धरला आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलंत, शेवटचं कोण ऐकतं. आजपासून आमची धाकटी सून ऐकते. तिची स्वतःची चूक तिला घरात सगळ्यांच्या आधी ऐकू आली होती. ऐकलं नाही ते मी. कॉरिडॉर संध्याकाळी पोचेल. तयार पावलं नाहीत. माणसाची."

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते बाबांना कळलं नसावं, कारण ते मध्येच "आभारी आहे" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले. "बरं म्हणाल्या," थोरल्याने सांगितलं.

"बाबा, मला नाही जमणार," धाकटी सून म्हणाली. "ऐकणं वेगळं. पण सांगणं..."

"ऐकून गप्प बसायला मग आम्ही आहोतच की," आई म्हणाली.

बाबांनी फडताळातून जाड तळव्यांचे तपकिरी बूट काढले. चालायला दुसरं कोण होतं? सुनेची चाल लोकांना पाठ झाली होती. थोरला अंधारा कॉरिडॉर पडद्यावर लावून उभा राहिला, आणि मग त्याने एक गोष्ट केली जी कोणी त्याला सांगितली नव्हती. त्याने उंच पाठीची खुर्ची पुढे ओढली, तिच्यासाठी धरली, हेडफोन तिच्या हातात दिले आणि पिन यंत्रात बसलीय ना, ते ओढून पाहिलं. धाकट्याने माईक खाली, फळ्यांजवळ आणला. ताईने खिडकी लावली. आई श्वास रोखून भिंतीला टेकली.

बाबा चालले. पडद्यावर दाराखालची सावली सरकत होती आणि तिच्याबरोबर ते एकेक पाऊल टाकत होते, जड, बिनघाईचं, कोणाचंही असू शकेल असं. डोळे मिटून ती ऐकत होती. यांनी तिला चालायला शिकवलं होतं, म्हणजे चालणं ऐकायला शिकवलं होतं, आणि इतकं स्वच्छ पाऊल तिने दुसऱ्या कोणाचं ऐकलं नव्हतं. मग ते दारापाशी वळले, आणि वळताना उजव्या बुटाचा तळवा फळीवर किंचित घासला.

पूर्वी कधी तो घासला नसता. घासला असता तर त्यांना आधी कळलं असतं.

तिने डोळे उघडले. बाबा फळ्यांच्या टोकाला उभे होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. सगळेच तिच्याकडे बघत होते. धाकट्यालाही ते घासणं ऐकू आलं होतं, थोरल्यालाही; त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. आणि दोघांनीही तोंडं मिटून घेतली होती. छान म्हणणं किती सोपं होतं. एवढं कोण ऐकणार? आजच्या दिवशी तरी त्यांना छान म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"परत, बाबा," ती म्हणाली. "वळताना उजवा पाय घासतोय."

त्या खोलीत त्यांना हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. आईचा हात तोंडाशी गेला. बाबांनी खाली बुटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"घासतोय?"

"हो."

"फार?"

"ऐकू येतो एवढा."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा वर्षभराचा ताण उतरला, आणि तिला तो उतरताना दिसला. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले आणि परत पहिल्या फळीवर जाऊन उभे राहिले.